‘सेफ’ लिहिले म्हणून सुरक्षित होत नाही

मा. संपादक,
स. न.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत गेल्या आठवड्यात क्रॉस-साइट स्क्रिप्टिंगवर लेख आला. या विषयावर मराठी दैनिकाने अर्धे पान दिले याचाच आधी आनंद झाला. लेखात हल्ल्याची ओळखही नेमकी करून दिली होती. पण आधुनिक फ्रेमवर्क (म्हणजे संकेतस्थळ बांधण्यासाठीचा तयार कोडचा सांगाडा) वापरून बांधलेल्या संकेतस्थळांना हा धोका जवळपास उरलेला नाही, अशा अर्थाचे एक वाक्य शेवटी शेवटी आले आणि तिथे मी अडखळले. १७ वर्षे मी वेब ॲप्लिकेशनच्या देखभालीचे काम करते, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून सोडून दिलेला कोड सांभाळते. हे वाक्य बैठकांमध्ये मी पुष्कळदा ऐकले आहे आणि एकदा तर स्वतःच उच्चारले आहे. त्याचे काय झाले ते पुढे सांगते.

ज्यांचा लेख वाचायचा राहिला त्यांच्यासाठी दोन ओळी. कुणीतरी नावाच्या रकान्यात नावाऐवजी कोड लिहितो. संकेतस्थळ तो जसाच्या तसा दुसऱ्या कुणाच्या पानावर छापते. ब्राउझरला लिहिणारा कोण हे कळायला मार्ग नसतो. पानावर आले ते त्या संकेतस्थळाचेच, असे धरून तो कोड चालवतो, आणि तोही पान पाहणाऱ्याच्या लॉगिनने. फेब्रुवारी २००० मध्ये ‘सर्ट’ या संगणक-सुरक्षा संस्थेने याबद्दल पहिली मोठी सूचना काढली, त्याच सुमारास हे नाव रूढ झाले. सीएसएस हे लघुरूप पानाचे रंगरूप ठरवणाऱ्या स्टाइलशीटने आधीच घेतले होते, म्हणून क्रॉसची फुली घेऊन एक्सएसएस.

आता फ्रेमवर्कला त्याचे श्रेय देऊ, कारण ते खरेच आहे. कोनी कंसांची जोडी, दोन्ही प्रकारची अवतरणचिन्हे आणि ॲम्परसँड, अशी पाच चिन्हे निरुपद्रवी रूपात बदलली की साध्या मजकुराचा कोड होत नाही. याला आम्ही एस्केप करणे म्हणतो. पूर्वी रुबी ऑन रेल्स या फ्रेमवर्कमध्ये प्रत्येक जागी आठवणीने एस्केप करणारा ‘एच’ लिहावा लागे आणि शंभरातल्या एका ठिकाणी तो हमखास राहून जाई. २००८ मध्ये जँगो या दुसऱ्या फ्रेमवर्कच्या १.० आवृत्तीत आणि २०१० मध्ये रेल्सच्या तिसऱ्या आवृत्तीत हे काम आपोआप होऊ लागले. ज्यांनी त्याआधीचे दिवस काढले आहेत त्यांना विचारा, केवढे ओझे उतरले ते. लेखकाचे वाक्य इथवर बरोबर आहे. गडबड होते ती हे आपोआपपण आपणच बंद करतो तिथे, आणि जिथे ते मुळात पोचतच नाही तिथे.

पहिल्या प्रकाराची साक्षीदार मी स्वतः आहे. एका प्रणालीत तक्रारी नोंदवल्या जात आणि आतले कर्मचारी त्यांवर शेरे लिहीत. शेऱ्याच्या चौकटीला ठळक, तिरपे अशी बटणे होती. एक दिवस टिकीट, म्हणजे दुरुस्तीची मागणी, आले: शेऱ्यातली ठळक अक्षरे ठळक दिसत नाहीत, त्यांच्या आजूबाजूला कोनी कंसात ‘बी’ (ठळक करण्याची खूण) दिसतो. म्हणजे जँगो आपले काम चोख करत होता. मी टेम्प्लेट, म्हणजे पानाचा साचा, उघडले, शेरा जिथे येतो त्या व्हेरिएबलपुढे उभी दांडी आणि ‘सेफ’ (म्हणजे हे एस्केप करू नकोस) एवढेच टाकले, पान रिफ्रेश केले, अक्षरे ठळक झाली, टिकीट बंद. दहा मिनिटेही लागली नसतील. रिव्ह्यू करणाऱ्यानेही मान डोलावली. शेरे फक्त आपली माणसे लिहितात हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते, आणि त्या दिवशी ते खरेच होते.

तीन वर्षांनी दुसऱ्या एका टीमने तीच चौकट तक्रारदारांसाठी खुली केली. आता बाहेरचा कुणीही तिथे लिहू शकत होता. त्या टीमने माझ्या फाइलला हातही लावला नाही, लावण्याचे काही कारणच नव्हते. बाहेरच्या पानावर तो मजकूर व्यवस्थित एस्केप होऊन दिसत होता, त्यामुळे त्यांच्या सगळ्या चाचण्या हिरव्या. आतल्या, अधिकाऱ्यांच्या पानावर मात्र माझे ‘सेफ’ तसेच बसून होते. सुरक्षा चाचणीसाठी आलेल्या मुलीने त्या चौकटीत एक फोटोचा टॅग (ब्राउझरला फोटो दाखवायला सांगणारी कोनी कंसातली खूण) लिहिला: फोटोचा पत्ता म्हणून नुसते ‘एक्स’, आणि फोटो सापडला नाही तर काय करायचे त्या जागी अलर्ट, म्हणजे पडद्यावर छोटी चौकट उमटवायची आज्ञा. कोडची नेहमीची ओळख असलेला ‘स्क्रिप्ट’ हा शब्द त्यात कुठेही नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वरिष्ठांनी तक्रारींची यादी उघडली आणि पडद्याच्या मधोमध एक छोटी चौकट आली. त्यात फक्त १ हा आकडा आणि खाली ‘ओके’.

ती चौकट दिसायला अगदी केविलवाणी असते. वरिष्ठांनी ‘ओके’ दाबले आणि काम सुरू केले. त्या १ च्या जागी त्यांच्याच लॉगिनने एक नवे प्रशासक खाते उघडणाऱ्या चार ओळी असत्या तर दाबायला ‘ओके’देखील आले नसते. हा कोड कुणी लिहिला ते पाहायला मी जरा तावातावाने गिट ब्लेम चालवले. ओळीसमोर माझेच नाव होते.

त्या दिवसापासून ‘सेफ’ या शब्दावर माझा राग आहे. हा फिल्टर मजकूर साफ करत नाही. ‘हा मजकूर साफ आहे, माझी हमी’ असे तुम्ही फ्रेमवर्कला सांगता आणि ते बिचारे विश्वास ठेवते. रेल्समधल्या ‘एचटीएमएल सेफ’ची कथा हीच. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलाने तो शब्द पाच ठिकाणी लावला होता. विचारले तर म्हणाला, “मॅडम, सुरक्षित व्हावे म्हणूनच लावला.” हसू आले, पण चूक त्याची कशी म्हणणार? रिॲक्ट या आणखी एका फ्रेमवर्कवाल्यांनी निदान प्रामाणिकपणे ‘डेंजरसली सेट इनर एचटीएमएल’ असे नाव ठेवले आहे. टाइप करतानाच हात थबकतो. लाराव्हेल या फ्रेमवर्कच्या टेम्प्लेटमध्ये दोन महिरपी कंस दिले तर एस्केप होते, एक महिरपी कंस आणि दोन उद्गारचिन्हे दिली तर होत नाही. त्या दोन उद्गारचिन्हांकडे मी आता शब्दशः उद्गार म्हणूनच पाहते.

आता दुसरा प्रकार. माझ्या मते यातच खरी गंमत आहे आणि लेखात त्याचा उल्लेखही नव्हता. यात कुणीही काहीही बंद केलेले नसते.

समजा, प्रोफाइलच्या पानावर ‘तुमचे संकेतस्थळ’ असा रकाना आहे. तिथे भरलेला पत्ता लिंकमध्ये जातो. एकाने तिथे एचटीटीपीने सुरू होणारा पत्ता न लिहिता ‘जावास्क्रिप्ट’ (ब्राउझर जी भाषा चालवतो तिचे नाव) हा शब्द, पुढे अपूर्णविराम आणि त्यापुढे आपला कोड लिहिला. फ्रेमवर्कने एस्केप करण्यासाठी तो मजकूर तपासला. कोनी कंस? नाही. अवतरणचिन्ह? नाही. ॲम्परसँड? तोही नाही. बदलण्यासारखे काहीच नव्हते, म्हणून मजकूर होता तसा गेला. लिंकवर क्लिक केले की कोड चालतो. एस्केपने आपले काम शंभर टक्के केले आणि तरीही भोक राहिले, कारण लिंकच्या पत्त्यात कोणता प्रोटोकॉल चालेल हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. रिॲक्टची गोष्ट इथे बोलकी आहे. २०१९ मध्ये १६.९ आवृत्तीपासून ते अशा पत्त्याबद्दल कन्सोलवर, म्हणजे प्रोग्रॅमरच पाहतो त्या जागी, इशारा देऊ लागले. सरळ अडवायला १९ वी आवृत्ती उजाडावी लागली, ती आली डिसेंबर २०२४ मध्ये. तोवर जगभर रिॲक्टमध्ये लिहिलेल्या प्रत्येक ‘तुमचे संकेतस्थळ’ रकान्याची जबाबदारी तो लिहिणाऱ्यावरच होती. किती जणांना ती माहीत होती?

अशीच दुसरी जागा म्हणजे पानातल्या स्क्रिप्ट टॅगच्या आत ठेवलेला डेटा. सर्व्हरवरून आलेला जेसन (ठरावीक मांडणीत लिहिलेला डेटा) तिथे चिकटवून द्यायची आम्हा लोकांची जुनी खोड आहे. त्या जेसनमध्ये कुणाच्या नावात स्क्रिप्ट टॅग बंद करणारी खूण असली की संपले. ते अवतरणचिन्हांच्या आत आहे, ती एक साधी स्ट्रिंग आहे, हे जावास्क्रिप्टला कळते; पण पान आधी वाचतो तो एचटीएमएलचा (पानाच्या मांडणीच्या भाषेचा) पार्सर, म्हणजे वाचणारा कोड, आणि त्याला फक्त बंद करणारी खूण दिसते. तो तिथेच स्क्रिप्ट संपवतो आणि पुढचा मजकूर पान म्हणून वाचू लागतो. जँगोने यासाठी २०१८ मध्ये २.१ आवृत्तीत ‘जेसन स्क्रिप्ट’ नावाचा वेगळा फिल्टर दिला. तो वापरायचा असतो हे मात्र टेम्प्लेट लिहिणाऱ्यालाच माहीत असावे लागते.

दोन फ्रेमवर्क एकत्र नांदू लागली की आणखी मजा. सर्व्हरवर जँगो आणि ब्राउझरमध्ये अँग्युलरजेएस असा संसार एकेकाळी फार लोकप्रिय होता. सर्व्हरने पाचही चिन्हे एस्केप केली. पण महिरपी कंस त्या पाचांत नाहीत, आणि अँग्युलरजेएस तर दुहेरी महिरपी कंसात जे दिसेल त्याला सूत्र समजून चालवते. म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने निर्मळ असलेला मजकूर ब्राउझरमध्ये पोचल्यावर कोड होतो. हे रोखायला अँग्युलरजेएसमध्ये एक सँडबॉक्स, म्हणजे कोडला बंदिस्त ठेवणारे कुंपण, होता. संशोधकांनी तो इतक्यांदा फोडला की अखेर १.६ आवृत्तीत तो काढूनच टाकला. सुरक्षेची भिंत म्हणून त्याच्यावर विसंबू नका, असे त्याच्या कर्त्यांनीच सांगितले. २०२१ च्या अखेरीस त्या फ्रेमवर्कचा पाठिंबाही संपला. पण त्यावर चालणारी पाने आपोआप थोडीच संपतात! मी अजून दोन सांभाळते.

आणि फ्रेमवर्क स्वतःच चुकते तेव्हा? सप्टेंबर २००९ मध्ये रेल्सच्या फॉर्म हेल्परमध्ये (अर्जाचे रकाने तयार करून देणाऱ्या कोडमध्ये) सापडलेला दोष मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटावा. यूटीएफ-८ या अक्षरे साठवायच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. पहिला बाइट सांगतो की माझ्यामागून आणखी दोघे येणार आहेत. आता पहिला बाइट पाठवला आणि मागचे दोघे पाठवलेच नाहीत तर? अशा मुद्दाम मोडक्या बाइटमाळांपुढे रेल्सचा एस्केप करणारा कोड फसत होता आणि नको ते चिन्ह पुढे निसटत होते. त्याचा फटका त्या वेळी रेल्सवर चालणाऱ्या ट्विटरलाही बसू शकत होता. ज्यांनी आपले टेम्प्लेट अगदी नियमाने लिहिले होते त्यांचीही त्यात काही चूक नव्हती, त्यांना २.३.४ सारख्या दुरुस्त आवृत्तीवर जाणे एवढेच करता येण्यासारखे होते. रिॲक्टमध्ये ऑगस्ट २०१८ मध्ये असाच एक दोष दुरुस्त झाला: सर्व्हरवर पान तयार करताना ॲट्रिब्यूटची किंमत तपासली जाई, पण ॲट्रिब्यूटचे नाव वापरणाऱ्याकडून आले असेल तर ते तपासायचे राहिले होते.

सर्वांत बारकाईने पाहावा असा दोष जेक्वेरी या तयार जावास्क्रिप्ट कोडच्या संचाचा, एप्रिल २०२० मध्ये ३.५.० आवृत्तीत दुरुस्त झालेला. जेक्वेरीला एचटीएमएल दिले की ते आत एक लहानशी डागडुजी करायचे: स्वतःच स्वतःला बंद करणारा टॅग दिसला की त्याचे उघडणारा आणि बंद करणारा असे दोन टॅग करायचे. मदतीच्या भावनेने, जुन्या गरजेपोटी. पण त्यामुळे असे व्हायचे की एखाद्या चांगल्या सॅनिटायझरने (मजकुरातले धोकादायक टॅग काढणाऱ्या कोडने) तपासून साफ म्हणून दिलेला मजकूर जेक्वेरीच्या हातात गेल्यावर वेगळ्या आकाराचा व्हायचा, आणि जो भाग निर्जीव मजकूर होता तो जिवंत टॅग होऊन बाहेर पडायचा. तपासणीनंतर मजकुराला कुणी हात लावला तर ती तपासणी वाया गेली. ही गोष्ट मी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगते.

लेखात सुचवलेला एक उपाय मात्र कुणी मनावर घेऊ नये: धोकादायक शब्द अर्ज भरतानाच गाळून टाका, हा. मायस्पेस या समाजमाध्यमाने तेच केले होते. ऑक्टोबर २००५ मध्ये सॅमी कामकर या तरुणाने आपल्या प्रोफाइलमध्ये ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द मध्येच ओळ तोडून दोन तुकड्यांत लिहिला. गाळणीला तो ओळखू आला नाही, काही ब्राउझरना मात्र आला. प्रोफाइल पाहील त्याच्या प्रोफाइलमध्ये तो कोड स्वतःची प्रत करत गेला आणि वीस तासांच्या आत दहा लाखांहून अधिक खात्यांत पसरला. मायस्पेसला संकेतस्थळ बंद ठेवावे लागले. उलट बाजूने पाहिले तर ही गाळणी निष्पाप लोकांना छळते. कुणाच्या आडनावात अपॉस्ट्रॉफी असते, ती साठवतानाच एस्केप होते, दाखवताना पुन्हा एकदा होते, आणि बिचाऱ्याच्या आडनावाच्या पोटात ॲम्परसँड, आकडा आणि अर्धविराम येऊन बसतात. बातम्यांच्या मथळ्यांत मध्येच ‘क्यू-यू-ओ-टी’ अशी अक्षरे आपण सर्वांनीच पाहिली असतील. ते हेच दोनदा झालेले सोवळे. साठवताना मजकूर आहे तसा ठेवावा आणि दाखवताना, तो कुठे चालला आहे ते पाहून, एस्केप करावा. ठळक-तिरपे हवेच असेल तर परवानगी असलेल्या टॅगांची छोटी यादी करून बाकी सगळे काढणारा सॅनिटायझर लावावा. आमच्या त्या शेऱ्यांच्या चौकटीला आता तसा आहे. यादीत सहा टॅग आहेत आणि सातव्यासाठी कुणी आले की मी भांडते.

एचटीटीपी-ओन्ली कुकी (लॉगिनची खूण, जी पानातल्या कोडला वाचता येत नाही) आणि कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (कोणती स्क्रिप्ट चालवायची हे ब्राउझरला सांगणारे नियम) यांबद्दल लेखात जे आहे ते योग्यच आहे, एवढीच पुस्ती जोडते: पहिलीमुळे कुकी वाचता येत नाही, पण पानात घुसलेल्या कोडला ती वाचायची गरजच नसते, तो त्याच पानातून तुमच्या नावाने विनंत्या पाठवू शकतो. आणि पॉलिसीत ‘अनसेफ-इनलाइन’ (पानात थेट लिहिलेली स्क्रिप्टही चालू दे) लिहून ठेवले, की जी स्क्रिप्ट अडवायची तिलाच दार उघडे. आम्हीही ते दोन वर्षे लिहून ठेवले होते, कारण जुन्या पानांतल्या इनलाइन स्क्रिप्ट बाहेर काढायला कुणाला वेळ मिळत नव्हता.

माझा खरा आक्षेप शेवटी बैठकीतल्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांसाठी आहे. ‘आम्ही अमुक फ्रेमवर्क वापरतो, त्यामुळे एक्सएसएसची चिंता नाही’ हे वाक्य ज्या दिवशी मी म्हटले, त्या दिवशी माझे ‘सेफ’ त्या टेम्प्लेटमध्ये दीड वर्षाचे झाले होते. ऐकणाऱ्यांचे समाधान झाले, आवृत्ती बदलण्यासाठी मागितलेले चार आठवडे नामंजूर झाले आणि सगळे जेवायला गेले. तेव्हा कुणीतरी मला दोनच प्रश्न विचारायला हवे होते: कोणती आवृत्ती, आणि एस्केप किती ठिकाणी बंद केले आहे? दुसऱ्याचे उत्तर काढायला मोठे शास्त्र लागत नाही, सगळ्या कोडमध्ये एक शब्द शोधायचा असतो. चौकट उमटली त्या दुपारी मी तो शोधला तेव्हा ४१ ठिकाणी सापडला. त्यांतली २९ ठिकाणे खरोखर निर्धोक होती. उरलेल्या १२ ठिकाणी काय येते, हे मूळ लिहिणारे सोडून गेल्यामुळे, एकेक करून शोधायला मला नऊ दिवस लागले.

त्या लेखातल्या वाक्याबद्दल दुरुस्ती छापावी, ही विनंती. ती छापताना ‘धोका जवळपास उरलेला नाही’ऐवजी ‘फ्रेमवर्कने जिथे आपोआप एस्केप केले आहे तिथे धोका बराच कमी झाला आहे’ असे लिहिता येईल. वाक्य लांबते खरे, पण खरे राहते.

आपली,
एक वाचक
(वेब प्रणालींची देखभाल करणारी प्रोग्रॅमर, नाव छापू नये)

ता. क. पत्रात मी सगळीकडे ‘कोनी कंस’ असे अक्षरांत लिहिले आहे, चिन्ह कुठेही टाकलेले नाही. याच विषयावर एका नियतकालिकाला पूर्वी ईमेलने पत्र पाठवले होते, त्यात उदाहरणादाखल एक टॅग लिहिला होता. त्यांच्या प्रणालीने तो गिळला आणि छापून आले ते वाक्य असे होते: “हल्लेखोर नावाच्या रकान्यात लिहितो आणि काम होते.”